कुत्र्याच्या ताटलीतली झुकिनी

हिरवी, लांबट, पहिल्या नजरेत काकडीच वाटणारी झुकिनी प्रत्यक्षात भोपळ्याच्या जवळची. ‘कुकुर्बिटा पेपो’ ही तिची प्रजाती. या प्रजातीचे मूळ अमेरिका खंडात आहे. बाजारात दिसते ते रूप तिला उत्तर इटलीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळत गेले. ती दुधीसारखी मांडवावर चढत नाही, झुडपासारखी वाढते आणि कोवळी असतानाच तोडली जाते. १०० ग्रॅम झुकिनीत सुमारे ९५ ग्रॅम पाणीच असते. उरलेल्यात जेमतेम १ ग्रॅम तंतू, तेवढेच प्रथिन, साधारण २६० मिलिग्रॅम पोटॅशियम. ऊर्जा अवघी १७ किलोकॅलरी. गोडसर चवीच्या, ताज्या झुकिनीत कुत्र्याला विषारी ठरेल असे काही नसते. तरी ब्रोकोली आणि रंगीत ढोबळी मिरचीच्या शेजारी ‘एक्झॉटिक’ म्हणून मिळणारी ही भाजी घरात आली, की कुत्रा पाळणाऱ्यांत दोन तट पडतात: एक तिला घाबरतो, दुसरा तिला औषध समजतो.

‘कुत्रा मांसाहारी, त्याला भाजी पचतच नाही’

कुत्र्याचे दात आणि आतड्याची लांबी पाहता हा समज अगदीच निराधार नाही. पण हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढताना कुत्रा लांडग्यापासून बराच दूर आला आहे. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने हे अंतर मोजून दाखवले. स्वादुपिंडातून पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर तयार करण्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती आढळल्या, कुत्र्यांमध्ये ४ ते ३०. कुत्र्याच्या लाळेत मात्र हे विकर जवळपास नसते, त्यामुळे पिष्टाचे पचन तोंडात सुरू न होता थेट लहान आतड्यात होते. झुकिनीत पिष्ट फारसे नसतेच. चावून न फुटलेले तुकडे शौचातून जसेच्या तसे पडलेले दिसतात, आणि ‘पचत नाही’ ही समजूत बहुधा तिथूनच पक्की होते. ते आजाराचे लक्षण नव्हे; तुकडे मोठे होते एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट टोकाचा समज शाकाहारी घरांत भेटतो: वरण-भात आणि उकडलेली भाजी एवढ्यावर कुत्रा निरोगी राहतो. प्रौढ कुत्र्याच्या आहारात कोरड्या वजनाच्या निदान १८ टक्के प्रथिन लागते, दहा अमिनो आम्ले आहारातूनच मिळावी लागतात, आणि माणसाप्रमाणे उन्हात बसून त्याच्या त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. यातली एकही गरज झुकिनी भागवत नाही. म्हणून तिची जागा खाऊची. जेवणातले अंडे, मांस किंवा तयार खाद्य काढून तिथे झुकिनी भरणे म्हणजे ताटली भरलेली ठेवून कुत्र्याला उपाशी ठेवणे.

‘पाणीच तर आहे, कितीही द्यावी’

खाऊसाठीचा नेहमीचा दंडक असा, की दिवसभरातल्या ऊर्जेचा दहावा हिस्सा खाऊतून, बाकी समतोल जेवणातून. १० किलो वजनाच्या घरगुती कुत्र्याला रोज साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे खाऊचा वाटा ६० चा. चहाच्या वेळी प्रेमाने पुढे केलेले एक ग्लुकोज बिस्किट सुमारे २५ किलोकॅलरींचे असते. अडीच बिस्किटांत दिवसाचा खाऊ संपतो, आणि बिस्किटांवर थांबणारी घरे थोडी. स्थूल कुत्र्यासाठी झुकिनीचा खरा उपयोग इथे आहे: तुकडा मिळाल्याचे समाधान तेवढेच, ऊर्जा नगण्य.

पण हाच हिशेब झुकिनीला लावला तर ६० किलोकॅलरींसाठी ३५० ग्रॅम, म्हणजे दीड-दोन अख्खी फळे होतात. एवढी खाल्लेल्या १० किलोच्या कुत्र्याला पोट फुगणे, वायू आणि पातळ शौच चुकत नाही. झुकिनीचे माप म्हणून ऊर्जेवरून नव्हे, पोटावरून ठरते. पाच किलोच्या आतल्या कुत्र्याला एक-दोन पातळ चकत्यांचे बारीक तुकडे, १० किलोच्या कुत्र्याला दोन मोठे चमचे, लॅब्रॅडॉरसारख्या २५-३० किलोच्या कुत्र्याला पाव वाटी पुरे. पहिल्यांदा एकच तुकडा द्यावा आणि दिवसभर पोटाकडे लक्ष ठेवावे.

‘आपण खातो तीच भाजी त्यालाही चालते’

झुकिनीमुळे कुत्रा आजारी पडतो तेव्हा दोष बहुतेकदा झुकिनीचा नसतो, कढईचा असतो. मराठी घरात कोणत्याही फळभाजीची वाट ठरलेली: तेल, मोहरी, लसणाच्या पाकळ्या ठेचून, कांदा गुलाबी होईपर्यंत, तिखट, मीठ, मग भाजी. कुत्र्याच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी जहाल आहेत.

कांदा आणि लसूण एकाच कुळातले; त्यांच्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा मारा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींवर होतो. पेशीतल्या हिमोग्लोबिनची हानी होऊन त्याच्या गाठी बनतात आणि पेशी फुटू लागतात. शरीराच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला तर रक्तात ठळक बिघाड दिसू शकतो. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण दोन मध्यम कांद्यांचे. लसूण याहून तीव्र. ‘एकदम दोन कांदे कोण देतो’ हा प्रश्न रास्त आहे, पण रोज थोडा थोडा गेलेला कांदाही साचत जाणारी हानी करतो. अकिता आणि शिबा या जपानी जाती त्याला जास्त बळी पडतात. शिजवल्याने, परतल्याने, तळल्याने हा दोष जात नाही. सुकवल्याने तर तो दाट होतो. घाटावरचा कांदा-लसूण मसाला याच कारणाने ताज्या कांद्यापेक्षा धोक्याचा, कारण पाणी उडून गेलेले आणि अर्क मागे राहिलेला. लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, जिना चढताना कुत्रा धापा टाकतो, आणि तोवर घरात कुणालाही त्या भाजीची आठवण राहिलेली नसते. भाजीतल्या फोडी वेचून ‘कांदा काढून’ देणे फसवे, कारण रस फोडींत उतरलेला असतो.

फोडणीखेरीज आमटीतली चिंचही धोक्याची, पण तिचे प्रकरण नवे आहे. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होते, कारण मात्र सापडत नव्हते. २०२१ पासून पशुवैद्यकीय विषशास्त्रात टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले जाते. चिंचेचा आंबटपणा याच आम्लाचा, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदीही त्यानंतर प्रसिद्ध झाल्या. चिंच-गुळाच्या आमटीत झुकिनी घातली असेल तर ती कुत्र्याच्या भातावर जाता कामा नये. केक आणि ब्रेडमध्ये किसून घातलेल्या झुकिनीलाही तेच लागू: तिथे बेदाणे, चॉकलेट किंवा झायलिटॉल हा साखरेचा पर्याय असू शकतो, आणि तिन्ही कुत्र्याला घातक.

उपाय साधा आहे. फोडणीला टाकण्याआधीच कुत्र्याच्या वाटणीच्या चार चकत्या बाजूला काढाव्यात, वाफवाव्यात, मीठही न घालता निववाव्यात.

‘कडू असेल तर तो स्वतःच खाणार नाही’

भोपळ्याच्या साऱ्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू संयुगे थोड्याफार प्रमाणात असतात. कीड आणि जनावरांपासून झाड राखण्याचा तो निसर्गाचा बंदोबस्त. शेतीसाठी निवडलेल्या वाणांतून ती जवळपास नाहीशी केली आहेत, पण अधूनमधून परत येतात. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइम येथे ७९ वर्षांचा एक माणूस घरगुती बागेत पिकलेली झुकिनी शिजवून खाल्ल्यावर मरण पावला. भाजी कडू लागत होती. पत्नीने थोडीच खाल्ली आणि ती वाचली. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही, हे या घटनेत भीषणपणे दिसले. भारतात दुधीच्या कडू रसाने मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला आजींच्या सवयीसारखाच होता: आधी लहानसा तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या.

कुत्रा हा सल्ला पाळू शकत नाही. माणसाच्या जिभेवर चवीच्या सुमारे ९,००० कळ्या, त्याच्या जिभेवर १,७०० च्या आसपास. कडू त्याला कळते. पण तो चघळत नाही, गिळतो, आणि तुकड्याला दही किंवा तूप लावले असेल तर शंकाही घेत नाही. त्यामुळे चाखण्याचे काम माणसाचेच. नखाएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवावा. कडू लागताच थुंकावा आणि सगळे फळ कचऱ्यात टाकावे. काकडीचे देठाकडचे टोक कापून त्या चकतीने घासून ‘कडू उतरवण्याची’ रीत इथे उपयोगी नाही. देठाजवळ कडूपणा जास्त असतो, म्हणून टोक कापल्याने थोडा कमी होतो. पण गरात मुरलेला घासून निघत नाही. ‘कडू ते औषधी’ हेही इथे चालत नाही. कारल्याचा कडूपणा त्या फळाचा रोजचा गुण आहे, झुकिनीचा कडूपणा ही बिघाडाची खूण.

बाजारातल्या झुकिनीत हा प्रकार विरळा. जपायचे ते गच्चीवरच्या बागेत. घरच्या फळाचे बी राखून पुढच्या हंगामात पेरले, किंवा खताच्या ढिगातून आपोआप रोप उगवले, तर शोभेच्या कडू भोपळ्याशी झालेला संकर त्यात उतरलेला असू शकतो. परागीभवन झाले त्या वर्षीचे फळ गोडच लागते, कारण गर आईचा असतो. कडूपणा पुढच्या पिढीत उघडा पडतो. पाण्याचा ताण आणि कडक उन्हाचाही त्यात हात असतो. अशी झुकिनी दर वेळी, दर फळ चाखूनच द्यावी.

‘साल आणि बिया विषारी असतात’

नसतात. कोवळ्या झुकिनीची साल आणि मऊ बिया खाण्यायोग्य आहेत. फवारणीचा अंश जावा म्हणून फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. जून, हातभर वाढलेल्या फळाची टणक साल आणि बिया मात्र काढाव्यात. कच्ची की शिजवलेली, हाही मोठा प्रश्न नाही: वाफवलेली पचायला हलकी, कच्ची चालते. जाड गोल चकती मात्र नको. कुत्र्याचा जबडा वर-खाली चालतो, गाईसारखा आडवा फिरत नाही, आणि अधाशी कुत्र्याच्या घशात ती बुचासारखी बसू शकते. चकतीचे चार तुकडे करावेत, लहान कुत्र्यासाठी किसावी.

‘झुकिनी औषध आहे’

झुकिनीतल्या क जीवनसत्त्वाने प्रतिकारशक्ती वाढते असे म्हणतात. कुत्र्याचे यकृत हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. पोट बिघडल्यावर भोपळ्याचा गर देतात तो तंतूंसाठी. डबाबंद शिजवलेल्या गरात १०० ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम तंतू असतात, झुकिनीत एक, आणि वर तिचे पाणी जुलाबात भरच घालते. बियांनी जंत पडतात हा समज भोपळ्याच्या बियांवरून आला. जंतांवर प्राझिक्वांटेल, फेनबेंडाझोल यांसारखी औषधे आहेत आणि त्यांची मात्रा वजनावरून ठरते. मधुमेही कुत्र्याला झुकिनी चालते कारण तिच्यात साखर कमी, पण ती इन्सुलिनची जागा घेत नाही. उन्हाळ्यात ‘थंड’ म्हणून दिलेल्या चकत्या उष्माघात टाळत नाहीत. कुत्रा घामाने नव्हे, मुख्यतः धापेने थंड होतो. त्याला लागते ती सावली आणि पाणी. मूत्रपिंडाच्या जुन्या रोग्याला पोटॅशियमचा हिशेब असल्याने पशुवैद्याला विचारल्याशिवाय नवी भाजी सुरू करू नये.

‘चुकून खाल्ले तर मीठपाणी पाजून उलटी करवावी’

सगळ्या गैरसमजांत हा सर्वांत घातक आहे. जास्त मिठाने रक्तातले सोडियम झपाट्याने चढते. झटके येऊन कुत्रा दगावू शकतो, मूळ भाजीने दगावला नसता तरी. दूध पाजल्यानेही विष उतरत नाही. कांदा, लसूण, चिंच घातलेली भाजी किंवा कडू फळ पोटात गेल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा आणि चार गोष्टी सांगाव्यात: कुत्र्याचे वजन, काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवण्याचे सुरक्षित औषध दवाखान्यात देता येते. कढईत उरलेली भाजी डब्यात घालून सोबत न्यावी.