रक्ताच्या पिशवीतलं पोटॅशियम

“रक्त ताजंच द्या, जुनं नको.” रक्तपेढीच्या खिडकीवर नातेवाइकांची ही विनवणी नेहमीची. तिच्यात तथ्य आहे, पण थोडंसंच. तांबड्या पेशींची पिशवी जुनी होते तसं तिच्यातल्या द्रवात पोटॅशियम साचत जातं. शरीरात ते एकदम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय बंदही पडतं.

पोटॅशियमची खरी जागा पेशीच्या आत. बाहेरच्या रक्तद्रवात ते लिटरला जेमतेम साडेतीन ते पाच मिलिमोल असतं. ही तफावत टिकवतो पेशीच्या आवरणातला एक पंप. तो दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत ओढतो. डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी १९५७मध्ये तो उजेडात आणला आणि १९९७मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. रक्तपेढीत तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्याशिवाय त्या टिकणारच नाहीत. मात्र या थंडीत पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं आणि ४२व्या दिवशी, म्हणजे मुदत संपताना, पिशवीतल्या द्रवात ते लिटरला सुमारे ५० मिलिमोलवर जातं.

अमेरिकेत चार्ल्स ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९मध्येच या गळतीवर शोधनिबंध लिहिला होता. रक्तसाठवणुकीची शास्त्रीय घडी बसवणाऱ्यांत ड्रू यांचं नाव अग्रणी आहे.

५० हा आकडा धडकी भरवतो खरा. पण पिशवीत असा द्रव असतो शे-सव्वाशे मिलिलिटर. म्हणजे एकूण जादा पोटॅशियम पाच-सात मिलिमोल. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात याहून जास्त असतं. शहाळं पोटातून सावकाश भिनतं आणि रक्त थेट शिरेत जातं, हा फरक आहेच. तरीही दोन-तीन तासांत चढवलेली एखादी पिशवी मोठ्या माणसाला सहज पचते. चढवलेल्या पेशी शरीराच्या उबेत आल्या की त्यांचा पंप पुन्हा चालू होतो आणि बरंचसं पोटॅशियम त्या परत आत घेतात. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्फॉर्म’ चाचणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. ताजं रक्त मिळालेल्यांचे मृत्यू त्यात कमी झाले नाहीत.

धोका आहे तो वेगात आणि रुग्णाच्या आकारमानात. मोठ्या अपघातात किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावात एकामागून एक पिशव्या दाबाने चढवाव्या लागतात. किडनी निकामी असेल तर जादा पोटॅशियम बाहेर टाकायला वाट नसते. सर्वांत नाजूक ते नवजात बाळ. तीव्र काविळीत त्याचं जवळजवळ सगळं रक्त बदलावं लागतं, तेव्हा पाच दिवसांच्या आतलं रक्त निवडतात. दात्याच्या पांढऱ्या पेशींनी रुग्णावर उलटू नये म्हणून काही पिशव्यांना गॅमा किरण देतात. त्यानंतर गळती आणखी वाढते, म्हणून अशी पिशवी बाळासाठी २४ तासांत वापरणं किंवा पेशी सलाइनने धुऊन घेणं श्रेयस्कर.

आपल्याकडे पिशवी रक्तपेढीतून रुग्णालयात पोहोचवायचं काम अनेकदा नातेवाइकांवर येतं. तेव्हा थर्मोकोलच्या डब्यात बर्फ पिशवीला थेट टेकू देऊ नका आणि “गार आहे” म्हणून ती गरम पाण्यातही ठेवू नका. दोन्हींमुळे पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम एका दमात बाहेर पडतं. रुग्णाला किडनीचा आजार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा. आणि मुदतीतली पिशवी केवळ तारीख बघून परत करू नका.