कोळशावर चालणारं परळी पाण्यावाचून का थांबलं?



पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला होता, "तुम्ही बीडचे ना? मग सांगा, परळीचं केंद्र चालतं कोळशावर. ते २०१३ मध्ये पाण्यावाचून बंद का पडलं?"

मी क्वांटम, सॉलिड स्टेट असं सगळं घोकून गेलेलो. म्हटलं, "वाफ करायला पाणी लागतं, सर."

"ती वाफ तर पाइपातच असते. पुन्हा पाणी होऊन बॉयलरमध्ये परत येते. मग रोज नवीन पाणी कशाला?"

मी गप्प. उत्तर कुठल्या मोठ्या ग्रंथात नव्हतं, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी माझ्यासारखं गप्प बसू नये, म्हणून हा लेख.

घटना काय होती?

परळी वैजनाथचं औष्णिक विद्युत केंद्र महानिर्मितीचं. २०१३ मध्ये तिथं २१० मेगावॅटचे तीन आणि २५० मेगावॅटचे दोन संच होते, म्हणजे एकूण १,१३० मेगावॅट. पाणी मुख्यतः गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येई. दुष्काळात ते आटलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सगळे संच थांबले. २०१५ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच वेळ आली. अडचण पाण्याची होती, कोळशाची नव्हती.

उष्णतेची वाट

सातवीत आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो. केंद्रात हे तिन्ही एकामागे एक भेटतात. भट्टीतल्या ज्वाळेची उष्णता मुख्यतः प्रारणाने नळ्यांवर पडते. नळीच्या धातूतून ती वहनाने आत जाते आणि आतल्या पाण्यात अभिसरणाने पसरते. सुमारे ५४० अंश सेल्सिअसची वाफ टर्बाइन फिरवते आणि बाहेर पडताना ४५ अंशांच्या आसपास येते. तिथं कंडेन्सरमध्ये तिचं पुन्हा पाणी होतं.

इथं बरेच जण विचारतात, वाफेत अजून उष्णता आहे ना? मग ती गार करून वाया का घालवायची? तशीच बॉयलरमध्ये परत का नाही पाठवायची?

कारण उष्मागतिकीचा दुसरा नियम. उष्णता वरच्या तापमानाकडून खालच्या तापमानाकडे जाते, त्या वाटेतच आपण तिच्याकडून काम करून घेतो. खालचं टोकच नसेल तर काम नाही. कार्नोचं सूत्र लावून बघा. वरचं तापमान ८१३ केल्विन आणि खालचं ३१८, तर आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता १ − ३१८/८१३, म्हणजे सुमारे ६१ टक्के. प्रत्यक्षात सगळी उष्णता सर्वांत वरच्या तापमानाला दिली जात नाही, शिवाय धुराड्यातूनही काही जाते. त्यामुळे अशा केंद्राची एकूण कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या आसपास धरायला हरकत नाही.

आता हिशोब

२५० मेगावॅटचा एक संच घ्या. ३५ टक्के धरले तर कोळशातून सुमारे ७१४ मेगावॅट उष्णता लागते. त्यातले साधारण १०० मेगावॅट बॉयलर आणि धुराड्यातून जातात. वीज आणि किरकोळ नुकसान वजा केलं तर ३५० मेगावॅटच्या आसपास उष्णता कंडेन्सरमध्ये उरते. विजेपेक्षा जास्त! ती कुठंतरी टाकावीच लागते.

कंडेन्सरच्या नळ्यांतून दुसरं, थंड पाणी वाहतं. वाफेचं पाणी वेगळं, हे वेगळं. मुलाखतीत माझा गोंधळ नेमका इथंच झाला. हे पाणी साधारण १० अंशांनी तापून कूलिंग टॉवरकडे जातं. कूलिंग टॉवर म्हणजे आपल्या दारातला माठच, फक्त प्रचंड मोठा. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. टॉवरवर दिसणारा पांढरा लोट धूर नसतो, तो पाण्याच्या बारीक थेंबांचा ढग असतो.

एक किलो पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल अप्रकट उष्मा नेतं. तेवढ्यात ५७ किलो पाणी १० अंशांनी गार होतं. म्हणून तर ही पद्धत वापरतात. आता सगळी उष्णता बाष्पीभवनानेच गेली असं धरा. ३५० मेगावॅट भागिले २,४०० किलोज्यूल, म्हणजे सेकंदाला सुमारे १४६ किलो पाणी. दिवसाला सव्वा कोटी लिटरच्या वर!

तुलनेसाठी सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. एका संचाला दिवसाला तशा पंचवीस गाड्या लागतील. दुष्काळात माणसं, जनावरं की टॉवर, हा प्रश्न आला की टॉवरला थांबावंच लागतं.

एका युनिट विजेमागे हा हिशोब दोन लिटरचा होतो. प्रत्यक्षात थोडी उष्णता नुसत्या हवेनेही जाते, पण खर्च वाढवणारंही एक कारण आहे. पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. माठाच्या बाहेर पांढरा थर बसतो, तसाच. ते क्षार वाढू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं. राखेलाही पाणी लागतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या, टॉवर असलेल्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. आपला आकडा त्याच घरातला आहे, म्हणजे गणित बरोबर वाटेवर आहे.

मग पाण्याऐवजी हवा वापरली तर?

वापरता येते, पण फुकट नाही. कोरड्या हवेत माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, म्हणजे बीडच्या ४१ अंशांच्या उन्हातही टॉवर पाणी हवेच्या तापमानाखाली नेऊ शकतो. नुसती हवा वापरली तर ४१ च्या खाली जाताच येत नाही. कंडेन्सर ४५ वरून ६० अंशांवर गेला तर कार्नोची मर्यादा ६१ वरून ५९ टक्क्यांवर येते. तेवढ्याच विजेला जास्त कोळसा लागतो. पाणी वाचवलं तर कोळसा जातो. ही देवाणघेवाण कमी कशी करायची, हा आजही जिवंत संशोधनाचा विषय आहे.

तयारी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी

एक, कार्यक्षमता सांगण्याआधी सीमा आखा. नुसता टर्बाइन, अख्खं केंद्र, की केंद्र आणि धरण? सीमा बदलली की उत्तर बदलतं. ३५ टक्के या आकड्यात पाणी कुठंच दिसत नाही, आणि परळी थांबलं ते पाण्यामुळेच.

दोन, "ऊर्जा वाया जाते" असं मोघम बोलू नका. किती जाते, कोणत्या वाटेने जाते आणि त्यातली किती टाळता येते, हे वेगवेगळं सांगा. कंडेन्सरमधली बहुतेक उष्णता हा निसर्गनियमाचा हिस्सा आहे, कुणाचा निष्काळजीपणा नाही. नळीत साचलेल्या क्षारांमुळे होणारं नुकसान मात्र टाळता येतं.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. ६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला, तर रोज पाव युनिट वाचतं. ती वीज परळीसारख्या केंद्रातून येत असेल, तर युनिटमागे दोन लिटर धरून एका घरामागे वर्षाला किती पाणी वाचेल? तुमच्या गावातली घरं मोजा आणि पुढचं गणित वहीत करून बघा. मुलाखतीत हा प्रश्न आलाच, तर माझ्यासारखं "वाफ करायला लागतं" म्हणून थांबू नका.