एकटीचे बिऱ्हाड

‘बिऱ्हाड’ हा शब्द मराठी माणसाच्या अनुभवात खोल रुजलेला आहे. बिऱ्हाड करणे, थाटणे, हलविणे, पाठीवर घेणे या प्रत्येक शब्दप्रयोगामागे पोटासाठी गाव सोडलेल्या पिढ्यांचा इतिहास उभा आहे. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला तरुण बहुधा एकटाच जाई. पण तो एकाकी नसे. गिरणगावात त्याच्या गावच्या मंडळींची खोली असे, तेथे वळकटी टाकण्यापुरती जागा मिळे आणि कोणा बाईच्या खाणावळीत दोन वेळच्या जेवणाची सोय होई. तो एकटा राहतो म्हणून त्याच्या चारित्र्याची चौकशी कोणी करीत नसे. एकट्या पुरुषाचे बिऱ्हाड ही समाजाने मान्य केलेली, किंबहुना स्वतःच उभी केलेली व्यवस्था होती. एकट्या स्त्रीचे बिऱ्हाड मात्र आजही अपवाद समजले जाते, आणि तसे करू पाहणाऱ्या स्त्रीला पावलोपावली जाब द्यावा लागतो.

पुणे-बंगळूर महामार्गावरील उंब्रजसारख्या गावात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे हे गाव साताऱ्याकडून कराडकडे जाताना लागते. पाटण, चाफळ आणि मसूर या बाजूंच्या वाटा येथे मिळतात. कराड परिसरातील रुग्णालये, महाविद्यालये आणि सहकारी संस्था यांत काम करणाऱ्यांना येथून एस. टी. ने ये-जा करता येते. नवऱ्याने टाकलेल्या किंवा छळाला कंटाळून सासर सोडलेल्या स्त्रीच्या दृष्टीने असे गाव म्हणजे माहेरापासून फार लांब नाही, कामापासून दूर नाही आणि शहराइतके परकेही नाही. आधारगृहातील मुदत संपत आली की अशाच गावातील एखादी खोली तिच्या मनात येते. प्रश्न असा, की त्या खोलीपर्यंत तिने पोहोचावे कसे?

आश्रमांची परंपरा

निराधार स्त्रीला निवारा देण्याची महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले व पुढच्याच वर्षी पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले.

या संस्थांचे वैशिष्ट्य केवळ करुणेत नव्हते. आश्रमात आलेल्या स्त्रीने तेथेच आयुष्य काढावे, अशी त्यांच्या चालकांची अपेक्षा नव्हती. तिने शिकावे, शिक्षिका किंवा परिचारिका व्हावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा हेतू होता. शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या, हे सर्वश्रुत आहे. आश्रमाची कसोटी आत किती जणी आल्या यावर नव्हे, तर बाहेर पडून किती जणी उभ्या राहिल्या यावर ठरते, ही जाणीव त्या पिढीला पक्की होती.

सातारा-सांगली भागाने या परंपरेत आपली भर घातली. १९८० च्या दशकात येथील स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न उघडपणे मांडला. कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर या कामात अग्रभागी होत्या. या स्त्रियांनी केवळ पोटगी मागितली नाही. स्वतःच्या नावाची शिधापत्रिका आणि घरासाठी जागा यांचीही मागणी केली. त्याच दशकात, १९८८ मध्ये, संगमनेर येथे परित्यक्तांची परिषद भरली. ‘माहेरी आणून बसविलेली’ एवढीच जिची ओळख होती, ती स्त्री स्वतंत्र कुटुंब म्हणून मोजली जावी, हा त्या मागण्यांचा खरा अर्थ होता.

तिची मोजणी नीट होत नाही, हे उघड आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या अडीचपटीहून अधिक भरली. म्हणजे ज्यांचा संसार मोडला आहे पण ज्यांच्या हाती न्यायालयाचा कागद नाही, अशांचेच प्रमाण मोठे आहे. आणि कागदाविना कोणतेही दार उघडत नाही.

मधली पायरी

आज शासनाची निवाऱ्याची योजना आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ केंद्रांत पीडित स्त्रीला पाच दिवसांपर्यंत तात्पुरता आसरा मिळतो. स्वाधार गृहाच्या २०१५ च्या नियमांत कौटुंबिक हिंसेमुळे आलेल्या स्त्रीस एक वर्षापर्यंत, तर अन्य निराधार स्त्रियांस तीन वर्षांपर्यंत राहण्याची मुभा होती. २०२२ मध्ये ही योजना ‘शक्ती सदन’ या नव्या रचनेत सामावली गेली. मुदतीचे आकडे बदलोत वा न बदलोत, निवारा हा निवाराच असतो. त्याला शेवटचा दिवस असतो.

तात्पुरता निवारा म्हणजे काय, हे या भागाला शिकवावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने शेजारच्या पाटण तालुक्यातील घरे जमीनदोस्त केली, तेव्हा माणसांनी शेडमध्ये दिवस काढले. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची गावे शाळांच्या वर्गखोल्यांत येऊन राहिली. अशा संकटात समाज धावून येतो, कारण संकट सर्वांना दिसते आणि पुन्हा घरी जाण्याची वाट सर्वांनाच ठाऊक असते. आधारगृहातील स्त्रीचे तसे नाही. तिचे जुने घर जागच्या जागी उभे असते. तेथे तिला जागा नसते. भाऊ चांगला असला तरी त्याच्या घरातही तिची जागा पाहुणीची असते, आणि पाहुणीने किती दिवस राहावे याचे उत्तर कोणी बोलून दाखवीत नाही.

येथेच सारी अडचण आहे. निवारा देणाऱ्या संस्थेचे काम दारापाशी संपते आणि कायद्याचे काम न्यायालयात चालू राहते. या दोहोंच्या मधली पायरी, म्हणजे खोली शोधणे, अनामत भरणे, करार करणे, भांडी जमविणे आणि पहिला महिना निभावणे, ही कोणाचीच जबाबदारी नाही. भाडे महिन्याच्या पगारातून देता येते. अनामत मात्र एकरकमी द्यावी लागते, आणि तीही पहिला पगार हाती येण्यापूर्वी. एवढ्या एका रकमेपायी किती जणी पुन्हा मारहाणीच्या घरात परतत असतील, याचा हिशेब कोणत्याही खात्याकडे ठेवला जात नाही.

शासकीय साहाय्याची रचनाही या प्रवासाला पोषक नाही. १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत परित्यक्तांचा समावेश आहे आणि २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा १,५०० रुपये करण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु या योजनेला दीर्घकाळ वार्षिक २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा घातलेली आहे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. खोलीचे भाडे देण्याइतके जी कमावू लागेल, ती त्याच कारणाने निराधार ठरत नाही; आणि जी निराधार ठरते, ती भाडे देऊ शकत नाही. साहाय्य ज्या क्षणी सर्वाधिक उपयोगी पडायचे, त्याच क्षणी ते हातातून सुटते.

कायद्यातील विसरलेले कलम

२६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा मारहाण थांबविण्यासाठी आहे, एवढेच सामान्यतः माहीत असते. वस्तुतः त्यात निवासाचा विचार बराच खोलवर केलेला आहे. कलम १७ ने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. १५ ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंदर आहुजा प्रकरणातील निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अधिक व्यापक केला. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने सुनेचा दावा फेटाळता येणार नाही, असे त्यातून स्पष्ट झाले.

तथापि, ज्या घरात जिवाची भीती आहे तेथे राहण्याचा हक्क घेऊन ती काय करणार? कायद्याने या प्रश्नाचेही उत्तर दिले आहे. कलम १९ नुसार न्यायदंडाधिकारी पतीला तशाच दर्जाची पर्यायी जागा मिळवून देण्याचा किंवा परिस्थितीनुसार तिचे भाडे देण्याचा आदेश देऊ शकतो. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा सांगतो आणि कलम २३ खाली अंतरिम आदेशाची तरतूद आहे. याच कलम १९ मध्ये स्त्रीधन परत करण्याचा आदेशही देता येतो. लग्नात माहेरने दिलेली हंडे, कळशा, ताटे, पलंग आणि कपाट ही सासरच्या माळ्यावर धूळ खात पडलेली असतात आणि इकडे नव्या खोलीत पाणी भरायला बादली नसते. दुसरे बिऱ्हाड उभे करण्याची सामग्री पहिल्याच घरात अडकून पडली आहे, हे ध्यानात घेऊन अर्ज करताना तिची यादी जोडण्याची दक्षता किती ठिकाणी घेतली जाते?

घरमालकाची बाजू

खोली नाकारणाऱ्या घरमालकाला केवळ बुरसटलेला म्हणून चालणार नाही. त्याची भीती सर्वस्वी खोटी नसते. नवरा दारू पिऊन दारात उभा राहील, भांडण आपल्या अंगणात येईल, पोलीस येतील, गल्लीत बोलणे होईल आणि पुढे खोली रिकामी होणार नाही, असे त्याला वाटते. एकट्या मुलाला खोली देताना यांतील काही शंका त्याच्या मनात येत नाहीत, हा भेदभाव आहेच; पण उपदेशाने तो जाणार नाही. भीतीचे कारण कमी केले तरच दार उघडेल.

त्याचा मार्ग लेखी करार हा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. ज्या क्षेत्रांना तो लागू आहे तेथे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे त्याच्या कलम ५५ ने बंधनकारक केले आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. गावाकडे मात्र तोंडी बोलीवरच व्यवहार चालतो. तोंडी बोली पुरुषाला सोयीची वाटते. एकट्या स्त्रीला ती घातक ठरते. कागद नसला की पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नसला की शिधापत्रिका नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील वयाने ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानले आहे; पण त्या सन्मानाचा लाभ घेण्यासाठी आधी उंबरा लागतो. करार असेल तर मालकाला मुदतीची खात्री मिळते आणि तिला पत्ता मिळतो. दोघांच्याही हिताची अशी गोष्ट दुसरी नाही.

काय करता येईल

या बाबतीत नव्या कायद्याची आवश्यकता नाही. असलेल्या साधनांची जुळणी हवी. पहिली गोष्ट म्हणजे बाहेर पडण्याची तयारी आधारगृहात प्रवेश केल्याच्या दिवसापासून सुरू झाली पाहिजे. आधारपत्र, स्वतःच्या नावाचे बँकखाते, शाळा सोडल्याचा दाखला आणि न्यायालयातील कागदांच्या नकला यांची पिशवी तिच्या हाती असावी. महिन्याच्या कमाईतून भाडे, वीज, शिधा आणि एस. टी. चा पास वजा जाता काय उरते, हा हिशेब तिने कोणाच्या मदतीने आधीच मांडावा. संसार एकदम भरत नाही. कुलूप, बादली, शेगडी, दोन भांडी आणि अंथरूण-पांघरूण एवढ्यावर तो सुरू होतो. पाच किलोचा गॅस तर पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्रावर मिळतो.

दुसरी गोष्ट अनामतीची. सातारा जिल्ह्याला पतसंस्थांचा आणि बचत गटांचा मोठा अनुभव आहे. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेला अंगठा उठविणाऱ्या प्रवर्तक स्त्रियांमुळे प्रथम परवाना नाकारला गेला होता. त्या स्त्रियांनी हिशेब करून दाखविला आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. ज्या जिल्ह्यात हे घडले, तेथे अनामतीपुरते छोटे, हप्त्याने फेडावयाचे कर्ज देणारा फिरता निधी उभा करणे अशक्य मानू नये. ही रक्कम बुडीत नाही. ती मालकाकडे जमाच असते आणि खोली सोडताना परत येते.

तिसरी गोष्ट जामिनाची. पुरुष भाडेकरूच्या मागे गाव उभे असते. या स्त्रीच्या मागे संस्थेने उभे राहावे. आधारगृहाच्या अधीक्षकांनी किंवा संरक्षण अधिकाऱ्याने घरमालकाला लेखी ओळखपत्र द्यावे, पहिले सहा महिने चौकशीला यावे आणि नवऱ्याने उपद्रव दिल्यास संरक्षण आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात आधीच पोहोचलेली असावी. ग्रामपंचायतीने अशा भाडेकरूला रहिवासी दाखला देताना ‘नवऱ्याचे नाव काय आणि तो कोठे आहे’ या प्रश्नावर काम अडवू नये.

अशाने संसार मोडण्यास उत्तेजन मिळेल, असा आक्षेप हमखास घेतला जाईल. परंतु खोली मिळते म्हणून कोणी नांदते घर सोडीत नाही. मोडलेल्या संसारातून जी आधीच बाहेर पडली आहे, तिला परत जाण्यावाचून गत्यंतर ठेवायचे नाही की ठेवायचे, एवढाच येथे प्रश्न आहे. परत जायचे असेल तर तिने आपखुशीने जावे, भाडे परवडले नाही म्हणून नव्हे.

उंब्रजपासून जवळच असलेले तळबीड हे महाराणी ताराबाईंचे माहेर. १७०० नंतर वैधव्यात त्यांनी राज्याचा कारभार पेलला, याचा या परिसराला योग्य अभिमान आहे. त्याच परिसरात एखाद्या स्त्रीला एका खोलीचा कारभार स्वतःच्या नावावर करता येत नसेल, तर तो अभिमान पुतळ्यापुरताच राहील. आश्रम काढणाऱ्यांनी आपले काम सव्वाशे वर्षांपूर्वी केले. त्यांच्या दारातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला शेजार देण्याचे काम आता गावांनी करावयाचे आहे.