डाव न सोडणाऱ्यांशी खेळताना : कॅश गेममधल्या डावपेचांचा मागोवा

पोकरच्या कॅश गेममध्ये चिप्स म्हणजे थेट पैसे असतात. खेळाडू हवा तेव्हा बसतो, हवा तेव्हा उठतो आणि हरलेल्या चिप्सच्या जागी नव्या विकत घेतो. चिप्स संपल्या की बाहेर, ही स्पर्धेतली धास्ती इथे नसते. म्हणून या टेबलांवर लूज खेळाडू हमखास भेटतात. हलक्या पानांवरही ते पैसे लावतात आणि एकदा डावात आले की सहजासहजी बाहेर पडत नाहीत. कसलेल्या खेळाडूची कमाई मुख्यतः यांच्याकडूनच होते. ती कशी करावी, याचे उत्तर मात्र गेल्या सहा-सात दशकांत बरेच बदलत गेले.

अमेरिकी गुप्तलिपितज्ज्ञ हर्बर्ट यार्डली यांचे ‘द एज्युकेशन ऑफ अ पोकर प्लेयर’ १९५७ मध्ये आले. त्यातला उपदेश संयमाचा होता : चांगली पाने येईपर्यंत थांबा, नसतील तर डाव सोडा. त्या काळच्या घरगुती आणि क्लबातल्या खेळात एवढे पुरत असे, कारण समोरच्याला कोण किती डाव सोडतो याची फिकीर नसे. तरी हा सल्ला अर्धाच होता. कोणत्या पानांवर बसावे हे तो नीट सांगतो. चांगली पाने आल्यावर समोरच्याकडून जास्तीत जास्त पैसे कसे काढावेत, याकडे त्याचे फारसे लक्ष नाही.

डॉयल ब्रन्सन यांच्या १९७८ च्या ‘सुपर सिस्टम’ने दुसरे टोक गाठले. टेक्सासमध्ये गावोगाव फिरून खेळलेले ब्रन्सन १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षे लास वेगासच्या वर्ल्ड सिरीजचे विजेते होते. बेटच्या रकमेवर मर्यादा नसलेल्या नो-लिमिट होल्डेममध्ये सतत बेट करून आणि समोरच्याची बेट वाढवून, म्हणजे रेझ करून, समोरच्याला दडपणाखाली ठेवायचे, ही त्यांची रीत. तिच्या कमाईचा मोठा वाटा इतरांनी सोडून दिलेल्या लहान लहान पॉट्समधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमांमधून, येत असे, म्हणजेच समोरचा डाव सोडतो हे तिचे गृहीतक होते. ते जिथे खोटे ठरते तिथे ही रीत महागात पडते. पुस्तक वाचून दडपण आणायला निघालेल्या अनेकांना याचा फटका बसला.

तोवर सामान्य खेळाडू वेगळ्याच टेबलावर बसत होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या कार्डरूममध्ये होल्डेमला मुभा मिळाली आणि लहान रकमेचा लिमिट होल्डेम फोफावला. लिमिटमध्ये बेटची रक्कम ठरलेली असते, त्यामुळे कुणालाही घाबरवून बाहेर काढता येत नाही. एकेका फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांना, सहा-सात जण पैसे लावून बसलेले असत. ली जोन्स यांच्या १९९४ च्या ‘विनिंग लो-लिमिट होल्डेम’ने या टेबलांसाठी सरळ शिस्त सांगितली : निवडक पाने, ब्लफ जवळजवळ नाही, चांगला हात असेल तर बेट. तरीही कुरकुर थांबेना. एवढे लोक डावात असतील तर दोन एक्के हाती येऊनही उपयोग काय, ही तक्रार टेबलाटेबलावर ऐकू येई.

गणित या तक्रारीच्या अगदी विरुद्ध आहे. हाती दोन एक्के आणि समोर कोणतीही पाने घेतलेला एकच खेळाडू असेल, तर एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. तसेच नऊ जण शेवटपर्यंत राहिले तर हे प्रमाण ३१ टक्क्यांवर येते. म्हणजे दहापैकी सात वेळा एक्के हरतात आणि हरलेले डावच लक्षात राहतात. पण दहा जणांच्या पॉटमध्ये एक्केवाल्याने घातलेले पैसे असतात दहा टक्के, आणि जिंकण्याची शक्यता त्याच्या तिपटीहून जास्त. हरण्याची वारंवारता वाढते, नफाही वाढतो. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवता येणे ही लूज टेबलावर टिकण्याची पहिली अट आहे.

हा विचार शेवटपर्यंत नेला तो एड मिलर, डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मालमुथ यांच्या २००४ च्या ‘स्मॉल स्टेक्स होल्डेम’ने. समजा हाती बदामचा एक्का आणि बदामची सत्ती आहे. फ्लॉपवर बदामची राणी, बदामची तिर्री आणि इस्पिकची नव्वी आली. पुढच्या दोन पानांत आणखी एक बदाम येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. जुन्या शिस्तीप्रमाणे इथे गुपचूप कॉल करून, म्हणजे समोरच्याच्या बेटएवढेच पैसे लावून, बदामाची वाट पाहायची. पण समोर चौघे कॉल करणारच असतील, तर पॉटमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पाच डॉलरांत या खेळाडूचा एकच डॉलर असतो आणि जिंकण्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक. कुणाचे फुल हाऊस होण्याची शक्यता वजा केली तरी रेझ फायद्याची ठरते, आणि तीही हात अजून बनलेला नसताना. पॉट मोठा झाला असेल तर एका बेटसाठी डाव सोडणे ही महाग चूक आहे, हेही या पुस्तकाने ठासून सांगितले. लूज खेळाडूंविरुद्ध नुसते कमी डाव खेळणे पुरेसे नाही, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारे दुसरे पुस्तक त्या काळात नव्हते.

दरम्यान खेळाचा प्रकारच बदलला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजला पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून परतला. त्यानंतर नवख्यांची रीघ लागली ती नो-लिमिटकडे. इथे बेटची रक्कम आपण ठरवतो, त्यामुळे लूज खेळाडूकडून किती घ्यायचे हा प्रश्न पुढे आला. दहा डॉलरांचा पॉट आणि समोर एकच कॉल करणारा धरा. फ्लॉप, टर्न (चौथे पान), रिव्हर (पाचवे पान) अशा तिन्ही वेळा अर्ध्या पॉटएवढी बेट केली तर त्याच्याकडून ३५ डॉलर निघतात. पूर्ण पॉटएवढी केली तर १३०. रकमेपेक्षा स्वतःच्या पानांकडेच पाहणाऱ्या खेळाडूपुढे लहान बेट करणे म्हणजे हातचे पैसे सोडणे.

ऑनलाइन खेळाची आकडेवारी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे लूज खेळाडूंचे दोन प्रकारही उघड झाले. नुसता कॉल करत जाणाऱ्यापुढे मध्यम हातावरही बेट करत राहावे, आणि एरवी शांत असणाऱ्या त्याने अचानक रेझ केली तर तिच्यावर विश्वास ठेवावा. कशावरही रेझ करणाऱ्यापुढे उलट करायचे : मध्यम हात घेऊन कॉल करायचा आणि ब्लफ त्यालाच करू द्यायचे.

२०१५ पासून पायोसॉल्व्हरसारखे प्रोग्राम आले. कुणालाच फायदा उठवता येणार नाही असा समतोल खेळ ते शोधतात. २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, तेव्हा लूज खेळाडूंसाठी वेगळे डावपेच हवेतच कशाला, असे वाटणे साहजिक होते. पण समतोल खेळ हरू देत नाही इतकेच. समोरच्याच्या चुकीची पूर्ण किंमत तो वसूल करत नाही. रिव्हरवर पॉटएवढ्या बेटला समतोल खेळाडू निम्म्या वेळा कॉल करतो. लूज खेळाडू ६० टक्के वेळा कॉल करू लागला, तर १०० डॉलरच्या पॉटमधला प्रत्येक १०० डॉलरचा निव्वळ ब्लफ सरासरी २० डॉलर गमावतो. अशा वेळी ब्लफ थोडे कमी करून भागत नाही. ते पूर्ण बंद करावे लागतात. समोरच्याच्या सवयी प्रोग्रामला भरवल्या की त्याचेही उत्तर हेच येते.

भारतात यातले बहुतेक वाचन ॲपवर खेळणाऱ्यांनी केले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा तो रस्ता बंद झाला. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या खेळाडूला कायदेशीर कॅश गेमसाठी जवळची जागा उरते ती गोव्याची. तिथे मांडवीतल्या जहाजांवर सुट्टीसाठी आलेले पाहुणेही टेबलावर बसतात. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीसच डाव होतात आणि प्रत्येक मोठ्या पॉटमधून कॅसिनो आपला वाटा, म्हणजे रेक, कापून घेतो. लहान रकमेच्या टेबलावर हा रेक भरून काढण्याइतका नफा ब्लफमधून निघत नाही. तो चांगल्या हातावरच्या मोठ्या बेटमधूनच निघतो.