लाइट गेली तरी लॉगिंग चालू : रास्पबेरी पायवर टीमक्स

जालना म्हटलं की लोकांना स्टील आठवतं, नाहीतर बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्टही बियाण्याचाच आहे : साठवणीच्या खोलीतलं तापमान आणि आर्द्रता मोजणं. ऊब आणि ओल वाढली की बियाण्याची उगवणशक्ती घटते, म्हणून रीडिंग सलग हवं. दर मिनिटाला एक धरलं तर ७ दिवसांत १०,०८० रीडिंग्ज होतात. मध्येच एक रात्र गायब असेल तर एक्स्टर्नल सरांना काय दाखवणार?

मोजणी करतो रास्पबेरी पाय, म्हणजे २०१२ साली इंग्लंडमध्ये निघालेला क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर. आमच्या पायला स्क्रीन नाही, की-बोर्डही नाही. रूमवरून एसएसएचने लॉगिन करायचं आणि प्रोग्रॅम चालू करायचा.

गोची इथेच आहे. होस्टेलची लाइट गेली की राउटर बंद. पाय लॅबमध्ये यूपीएसवर मजेत असतो, पण समोर कोणी नाही हे थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येतं. मग लिनक्स त्या टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमला 'हँग अप' सिग्नल देतं. समोरच्याने फोन ठेवला, असा त्याचा अर्थ. बहुतेक प्रोग्रॅम हा सिग्नल मिळताच बंद पडतात.

यावर औषध म्हणजे टीमक्स. निकोलस मॅरियट यांनी २००७ साली आणलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ते पायवरच एक सर्व्हर चालवतं आणि तुमच्या प्रोग्रॅमचं टर्मिनल स्वतःकडे ठेवतं. मेसच्या लाइनीत मित्राने तुमचा नंबर धरून ठेवावा, तसं. तुम्ही गेलात तरी नंबर जात नाही.

कृती अशी (सगळं स्मॉल लेटर्समध्ये टाइप करा, स्पेलिंग टी, एम, यू, एक्स) :

१. पायला इंटरनेट जोडून 'सुडो ॲप्ट अपडेट' द्या. याने पॅकेजेसची यादी ताजी होते.
२. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टीमक्स' द्या. विचारलं तर वाय दाबा.
३. 'टीमक्स न्यू', मग डॅश एस आणि सेशनचं नाव. खाली हिरवी पट्टी दिसली की झालं.
४. आता प्रोग्रॅम चालू करा. कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा, मग नुसतं डी दाबा. तुम्ही बाहेर येता, प्रोग्रॅम आत चालूच राहतो.
५. परत आल्यावर 'टीमक्स अटॅच', डॅश टी आणि तेच नाव. नाव विसरलात तर 'टीमक्स एलएस'ने यादी मिळते.

आणखी एक फायदा : पार्टनरने त्याच लॉगिनने येऊन तेच सेशन अटॅच केलं, तर दोघांना एकच स्क्रीन दिसतो. डीबगिंगसाठी दुसऱ्या मजल्यावर धावायला नको.

पण टीमक्स म्हणजे जादू नव्हे. खुद्द पायचीच पॉवर गेली तर सेशनही जातं. त्यासाठी प्रत्येक रीडिंग लगेच फाइलमध्ये लिहा, आणि क्रॉनटॅबमध्ये 'ॲट-रीबूट'ची ओळ घालून प्रोग्रॅम आपोआप सुरू होईल असं बघा. शिवाय पाय बंद करायचा असेल तेव्हा सरळ वायर उपटू नका, 'सुडो शटडाऊन नाऊ' द्या. लिहिणं चालू असताना पॉवर तोडली तर एसडी कार्ड खराब होऊ शकतं, आणि कार्डाबरोबर आठवड्याचा डेटाही.

इन्स्टॉल करायला पाच मिनिटं लागतात. सबमिशनच्या आदल्या रात्रीची वाट बघू नका, आजच करून टाका!