लाल चिखलाच्या फरशा

बॉक्साइटपासून एक टन अ‍ॅल्युमिना काढला की साधारण एक ते दीड टन लाल चिखल मागे उरतो. तो अतिशय अल्कधर्मी, त्यामुळे त्याची तळी सांभाळणे हा कारखान्याला कायमचा भुर्दंड.

भोपाळमध्ये १९८१ साली सुरू झालेल्या आणि आज ‘अ‍ॅम्प्री’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळेने या चिखलाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. क्ष-किरण अडवायला जड अणू लागतात. चिखलात लोह आणि टायटॅनियम असतेच. त्यात बेरियमची संयुगे मिसळून फॉस्फेटने सांधले की क्ष-किरण खोलीच्या भिंतीला लावण्याजोगी फरशी तयार होते. विषारी शिशाचा पत्रा नको!

उद्योगाचा खरा फायदा इथे आहे. किती मिश्रणे फसली, किती नमुने तडकले, याचा खर्च प्रयोगशाळा सोसते. महागडी उपकरणे आणि संशोधक विद्यार्थी तिच्याकडे असतातच. उद्योजक परवाना शुल्क भरून सिद्ध झालेली कृती घेतो. एकट्या छोट्या कारखान्याला हे कधीच झेपले नसते.

मंडीदीप, गोविंदपुऱ्यातल्या उद्योजकांनो, तुमच्या कारखान्यामागे साचलेल्या कचऱ्याचा एक नमुना घेऊन होशंगाबाद रोडवरच्या या संस्थेत एकदा जाऊन या.