आडनाव एक, माणसं किती?

लोकमान्य टिळकांवरच्या खटल्यांची हकिकत वाचताना दावर हे आडनाव दोनदा भेटतं. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर दावर. १९०८ साली त्याच उच्च न्यायालयात टिळकांना सहा वर्षं हद्दपारीची शिक्षा सुनावली ती न्यायमूर्ती दावर यांनी. वाचणाऱ्याला वाटतं, हे बापलेक असावेत, किंवा भाऊ, किंवा दोन वेगळीच घराणी. वस्तुस्थिती अशी की दोन्ही वेळा माणूस एकच होता: दिनशा धनजीभाई दावर. अकरा वर्षांत ते वकिलाच्या बाकावरून न्यायासनावर गेले होते. ज्याने आपल्यासाठी जामीन मागितला, त्याच्याचसमोर टिळकांना आरोपी म्हणून उभं राहावं लागलं आणि तेव्हा जामीन नाकारला गेला. दोन माणसं मानली की या खटल्यातली सगळ्यांत बोचरी गोष्ट हातून निसटते, म्हणून हा गैरसमज मला किरकोळ वाटत नाही.

या घोटाळ्यांचं मूळ बरंचसं निकाल छापण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या लॉ रिपोर्टांत निकालाच्या माथ्यावर आडनाव आणि त्यापुढे न्यायमूर्तिपदाचं एक अक्षर, एवढंच असे. कोर्टातही ‘दावरसाहेब’ म्हटलं की काम भागायचं. त्या काळच्या माणसांना ते पुरेसं होतं, कारण साहेब समोर बसलेले असत. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याच्या हाती मात्र फक्त आडनाव उरतं, आणि ओळखीच्या आडनावाला आपण ओळखीचा चेहरा चिकटवून मोकळे होतो.

१८९७ च्या खटल्यातले न्यायाधीश स्ट्रॅची यांचं असंच झालं. असंतोष म्हणजे सरकारविषयी प्रेम नसणं, असा अर्थ ज्युरीला समजावून देणारे ते हेच. हिंदुस्थानच्या इतिहासात मोठ्या हुद्द्यावरचे स्ट्रॅची बरेच असल्यामुळे काही लिखाणात हा खटला प्रशासक सर जॉन स्ट्रॅची यांच्या खात्यावर जमा होतो, तर कुठे दुष्काळ आयोगाच्या सर रिचर्ड स्ट्रॅचींच्या. जॉन आणि रिचर्ड हे सख्खे भाऊ, पण दोघांपैकी कुणीही हा खटला चालवला नाही. न्यायाधीश होते आर्थर स्ट्रॅची, जॉन यांचे चिरंजीव. पुढे ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९०१ साली वारले.

१८९७ सालीच टिळकांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष होते आणि १८९५ पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश. मुस्लिम कायद्यावरचा ‘तय्यबजी’ हा ग्रंथ वकील मंडळी आजही नावानिशी सांगतात आणि बहुतेकांना तो याच बद्रुद्दीन यांचा वाटतो. साल पाहिलं तरी हे जमत नाही. बद्रुद्दीन १९०६ साली गेले आणि ग्रंथ निघाला १९१३ साली. तो लिहिला त्यांचे पुत्र फैज तय्यबजी यांनी. तेही कायदेपंडित आणि न्यायाधीश. फैज यांनी आपल्या मुलाचं नाव आजोबांच्या नावावरून बद्रुद्दीन ठेवलं. हे धाकटे बद्रुद्दीन आयसीएस झाले, पुढे राजदूत आणि अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू. एका घरात तीन पिढ्या, त्यांतल्या दोघांचं आडनावच नव्हे, नावही एक. मोठे बद्रुद्दीन यांचे बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर होते, म्हणजे ‘तय्यबजी’ एवढ्यावर विसंबणाऱ्याला चौथाही भेटतो.

शाह आडनावाची गंमत तर आणखी वेगळी. गुजरातेत हे आडनाव गावोगावी आहे. त्यावरून नातं जोडणं म्हणजे पाटलावरून पाटील शोधण्यासारखं. १९१६ साली टिळकांकडून जामीनकी मागणारा हुकूम उच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा टिळकांतर्फे जिना उभे होते आणि खंडपीठावर बॅचलर यांच्याबरोबर न्यायमूर्ती शाह होते. ते लल्लुभाई आशाराम शाह. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या १९७७ च्या शाह आयोगाचे अध्यक्ष जयंतीलाल छोटालाल शाह. त्याआधी ते सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले होते. वडिलांची नावं जोडली की घोळ तिथल्या तिथे संपतो.

मुंबईकरांचा एक आवडता गैरसमज नरिमन पॉइंटबद्दल आहे. ज्येष्ठ विधिज्ञ फली नरिमन यांच्यावरून हे नाव पडलं, असं सांगणारे मला अनेकदा भेटले आहेत. नाव आहे खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचं, लोक ज्यांना वीर नरिमन म्हणत. तेही वकीलच. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या बॅकबे योजनेतला गैरकारभार त्यांनी १९२०च्या दशकात चव्हाट्यावर आणला, त्याबद्दल झालेला बदनामीचा खटला लढवला आणि निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले आणि १९४८ साली गेले. फली सॅम नरिमन यांचा जन्म १९२९ सालचा, रंगूनचा. आणीबाणी लागताच अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपदाचा राजीनामा दिला तो यांनी. पारशांत पूर्वजांची नावं आडनावं होऊन बसली आहेत. नरिमन हे मुळात नावच. समुद्राच्या काठावर एकाची आठवण आणि न्यायालयाच्या इतिहासात दुसऱ्याची, दोन्ही आपापल्या जागी राहिलेल्या बऱ्या.

आता सरन्यायाधीशांकडे येऊ, कारण वर्तमानपत्रांतून सर्वाधिक चुका इथे होतात. पहिले सरन्यायाधीश हरिलाल जेकिसनदास कानिया आणि १९९१ साली त्या पदावर आलेले मधुकर हिरालाल कानिया यांना बापलेक म्हटलं जातं. हरिलाल आणि हिरालाल या नावांनी हा घोटाळा केला आहे. हिरालाल हे हरिलाल यांचे बंधू, म्हणजे मधुकर हे पुतणे. रंगनाथ मिश्रा आणि दीपक मिश्रा यांचंही नातं काका-पुतण्याचंच. संजीव खन्ना हे हंसराज खन्ना यांचे चिरंजीव नव्हेत, पुतणे. त्यांचे वडील देवराज खन्ना हे दिल्ली उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. वडील आणि मुलगा दोघेही सरन्यायाधीश, असं घर आजवर एकच झालं: चंद्रचूड.

आडनाव मिळालं की पद मिळालं, हेही सर्रास बोललं जातं. वकिलीच्या घरात जन्मलेल्याला पुस्तकं, ओळखी आणि धीर आयता मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नागपूरच्या बोबडे कुटुंबात आजोबा वकील, वडील महाराष्ट्राचे महाधिवक्ता आणि शरद बोबडे सरन्यायाधीश. सरन्यायाधीश झालेल्या उदय ललितांच्या घरातही वकिलीची परंपरा. पहिल्याच पिढीत कोर्टाची पायरी चढणाऱ्या मुलीला वा मुलाला हा फरक रोज जाणवतो आणि ती तक्रार खरी आहे. पण आडनावावरून निकालाचा अंदाज बांधणं ही दुसरी गोष्ट, आणि तिथे चंद्रचूड पितापुत्रांचं उदाहरण नीट पाहायला हवं, कारण तेही अर्धवटच सांगितलं जातं.

‘मुलाने बापाचा निकाल फिरवला’ हे वाक्य आपण ऐकलेलं असतं. निकाल होता एडीएम जबलपूर खटल्याचा, २८ एप्रिल १९७६ चा. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयाचं दार ठोठावता येईल, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केलं. त्या चौघांत यशवंत विष्णू चंद्रचूड होते. तो निकाल त्यांचा एकट्याचा नव्हता. रे, बेग आणि भगवती हेही तितकेच जबाबदार.

तो फिरवला गेला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, जिथे खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तेही एकट्या धनंजय चंद्रचूड यांचं काम नव्हे. नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं आणि निर्णय एकमताचा. धनंजय यांनी चार न्यायमूर्तींसाठी निकालपत्र लिहिलं आणि त्यात जबलपूरचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला. रोहिंटन नरिमन आणि संजय किशन कौल यांनीही आपापल्या निकालपत्रांत तेच केलं. हे रोहिंटन म्हणजे फली नरिमन यांचे चिरंजीव. त्याच पीठावर बोबडेही होते. शिवाय १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद आधीच केली होती. व्यभिचाराच्या कलमाबाबतही तसंच: १९८५ साली यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने कायम ठेवलेलं कलम २०१८ साली पाच न्यायमूर्तींनी एकमताने रद्द केलं, धनंजय त्यांतले एक. दीपक मिश्रा तेव्हा सरन्यायाधीश होते. मुलाने वडिलांविरुद्ध लिहायला धैर्य लागतं, आणि ते त्यांनी दाखवलं. पण कथा बापलेकांची करून टाकली की बाकीचे न्यायमूर्ती, घटनादुरुस्ती आणि तिच्यासाठी झगडलेले लोक पडद्याआड जातात.

आणि सगळ्यांत आधी पडद्याआड जातो तो १९७६ चा पाचवा न्यायमूर्ती. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत लिहिलं. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता असूनही त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला. वर्षभराने, फेब्रुवारी १९७८ मध्ये, त्या खुर्चीवर यशवंत चंद्रचूड आले आणि सात वर्षांहून अधिक काळ राहिले. इतकी दीर्घ कारकीर्द आजवर दुसऱ्या कुणा सरन्यायाधीशाला लाभलेली नाही. धनंजय चंद्रचूड यांची मुदत १० नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्रपती भवनात सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली ती संजीव खन्ना यांनी.